अनुमोदकातला मोदक

धामणदरी बुद्रुक या गावची लोकसंख्या नऊशे बारा, म्हशी एकशे चाळीस आणि अण्णासाहेब एक. मी तिथं ग्रामसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा दुष्काळाचं पहिलं वर्ष सरत होतं आणि दुसरं रुजू होत होतं. राजूरच्या गणपतीपासून दोन कोसांवरचं हे गाव. शिवारातून कुठूनही चालत निघालं तरी माणूस अण्णासाहेबांच्या बांधावरच येऊन थांबे. लोकशाही मात्र सगळ्यांची सारखी होती. ग्रामसभेच्या ओट्यावर प्रत्येक नागरिकाला बसायला जागा होती. तिथं येऊन कुणी बसत नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. ठरावीक माणसं हजर नसतील तर सभा भरली असं म्हणता येत नाही. माझ्या आधीचे भाऊसाहेब (ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात) ही गणपूर्ती घरी बसून, चहा पिता पिता करत. मी पडलो नवा, प्रशिक्षण घेऊन आलेला, नियमाचा पक्का. मी दवंडी दिली. चाळीस माणसं जमली, त्यातली निम्मी ओट्यावर सावली असते म्हणून आली होती. तरी माझा ऊर भरून आला. मी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, "मंडळी, गणपूर्ती झालेली आहे!"

पुढच्याच रांगेत पुंजाराम नावाचे म्हातारे बसले होते. कानांनी बरेच अधू, पण भाविक. त्यांनी हात जोडले.

पहिला ठराव सरपंच अण्णासाहेबांनी मांडला. गावापासून त्यांच्या मळ्यापर्यंत दुष्काळी कामातून पक्का रस्ता करावा, जेणेकरून गोरगरिबांना त्यांच्या मळ्यात मजुरीला जाताना पायाला काटे बोचणार नाहीत. गोरगरिबांच्या पायांचा इतका विचार मी आजवर कुठल्या ठरावात पाहिला नव्हता. मी लिहून घेतलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "सूचक अण्णासाहेब. अनुमोदक कोण?"

अहो, अनुमोदक म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा विचारलं. मग म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून शब्द तोडून ओरडलो, "अनु... मोदक! मोदक!"

पुंजारामांनी आधी गणपती ऐकला होता, आता मोदक ऐकला. दोन्हींचा मेळ बराबर बसला. त्यांनी ओंजळ पुढं केली आणि म्हणाले, "आन की मंग इकडं. सकाळधरून उपाशी हे मी."

चाळीस माणसं खदाखदा हसली. मीही हसलो. अण्णासाहेब तेवढे हसले नाहीत. मोठी माणसं अशीच असतात, आपण हसून मोकळे होतो तिथं ती विचार करतात. त्या दिवशी नेमकी चतुर्थी होती. त्यांनी घरी निरोप धाडला, तळणीचा एक मोदक मागवला आणि पुंजारामांच्या ओंजळीत ठेवला. म्हाताऱ्यानं उजव्या हाताचा अंगठा ठरावावर उमटवला आणि डाव्या हातानं मोदक तोंडात टाकला. ठराव मंजूर झाला.

"अण्णासाहेब," मी हळूच म्हणालो, "अनुमोदकाचा आणि मोदकाचा काही संबंध नाही हो."

"शब्दात हे का न्हाई?"

"शब्दात आहे."

"मंग कायद्यात बी हे," अण्णासाहेब म्हणाले. "तुम्ही नवे हेत, भाऊसाहेब. शिकताल हळूहळू."

पुढच्या ग्रामसभेला दोनशे माणसं आली. दवंडी द्यावी लागली नाही. माझी सूचक-अनुमोदक वगैरे प्रस्तावना सुरू होण्याआधीच निम्मे हात वर होते. कशाला अनुमोदन द्यायचं हे विचारण्याइतका धीर कुणालाच नव्हता. नियमाप्रमाणे एका ठरावाला एकच अनुमोदक लागतो, त्यामुळं पहिल्या ठरावालाच ढकलाढकली झाली आणि दोघांची धोतरं फाटली. यावर अण्णासाहेबांनी तोडगा काढला. मळ्याचा रस्ता आधी एक ठराव होता, त्याचे त्यांनी फर्लांगाफर्लांगानं चौदा ठराव केले. मोऱ्यांचे वेगळे. रस्त्यावर टाकायच्या मुरुमाचा वेगळा. त्या मुरुमाच्या चांगुलपणाबद्दल अभिनंदनाचा वेगळा. लोकांचा राज्यकारभारातला सहभाग असा भराभर वाढत गेला की इतिवृत्त लिहिता लिहिता माझं बोट सुजलं.

रामकिसन नावाचा एक तरणा गडी तेवढा आडवा लागला. तो उठून म्हणाला, "अण्णासाहेब, रस्ता गावाचा करा. मळ्याचा कामून?"

मी आनंदानं लिहिलं, "विरोधक, रामकिसन." मागून कुणीतरी अगदी काळजीनं विचारलं, "अरे, पर विरोधकात मोदक कुठं हे?"

सगळ्यांनी तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला. काही जणांनी बोटांवर मोजला. वि, रो, ध, क. खरंच नव्हता! रामकिसननं स्वतः दोनदा म्हणून पाहिला आणि त्याचाही चेहरा पडला. तो त्या दिवशी तसाच घरी गेला. त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, दारातच विचारलं म्हणे, "समद्यांचे धनी पदरात मोदक बांधून आणून राह्यले, आन तुम्ही लोकशाही घेऊन आले व्हय?" पुढच्या सभेत रामकिसननं तीन ठरावांना अनुमोदन दिलं, त्यातलं एक सभा सुरू होण्यापूर्वी.

असं वर्ष गेलं. तालुक्याहून विस्तार अधिकारी तपासणीला आले. त्यांनी इतिवृत्त उघडलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. एकशे अठ्ठ्याऐंशी ठराव, सगळे एकमतानं, प्रत्येकाला अनुमोदक, विरोध निरंक. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. साहेबांनी विचारलं, "हे कसं जमवलंत?" मी घाबरत घाबरत खरं ते सांगितलं. साहेबांनी इतिवृत्त मिटलं. मग म्हणाले, "एक नमुना बघायला मिळेल का?"

नमुना त्यांनी तीन वेळा तपासला. महिन्याभरात वरून पत्र आलं. धामणदरीचा प्रयोग 'लोकशाही दृढीकरणाचा आदर्श' म्हणून निवडला होता. शेजारच्या गावांचे सरपंच अभ्यास दौऱ्यावर येऊ लागले. मोदकाचे निकष ठरले. साध्या ठरावाला अकरा कळ्यांचा मोदक, धोरणात्मक बाबीला एकवीस कळ्यांचा. सारण कमी पडल्यास अनुमोदन अंशतः ग्राह्य धरावं. मोदक गरम असताना दिलेलं अनुमोदन थंड झाल्यावर मागं घेता येणार नाही, ही तळटीप माझी. तिचं वरती कौतुक झालं, हे नम्रपणे नमूद करतो.

आणि हे सगळं चालू असताना गावच्या विहिरी एकेक करून खडखडीत झाल्या. फक्त अण्णासाहेबांच्या विहिरीला पाणी होतं. पण ते उसाला जेमतेम पुरत होतं आणि त्यामुळं त्यांच्या म्हशींची आबाळ होत होती. गावाला खडकातल्या डबक्यावरून का होईना पाणी मिळे. सगळ्यात वाईट हाल होते गावाच्या पूर्वेला राहणाऱ्या बौद्ध कुटुंबांचे. त्या डबक्याला त्यांनी हात लावलेला गावाला चालत नसे. बारा घरं, दीड कोस चालून शेजारच्या शिवारातल्या नाल्यात झरा उकरायचा, वाटीवाटीनं घागर भरायची आणि दीड कोस परत यायचं.

त्या वर्षी सरकारनं आमच्या गावाला एक विंधण विहीर मंजूर केली. म्हणजे मोठी गाडी येणार, जमिनीत भोक पाडणार आणि वर हापसा बसवणार. गावाला एकच. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, 'टंचाईग्रस्त वस्तीवर बसवावी, ग्रामसभेचा ठराव जोडावा.'

पत्र आलं त्याच दिवशी चांगुणाबाई माझ्याकडं आल्या. पूर्वेकडच्या बारा घरांतल्या त्या वडीलधाऱ्या. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. डोक्याचा पदर खडीच्या धुळीनं पांढरा झालेला होता.

"भाऊसाहेब, हापसा आला म्हन्त्यात. आमाला मिळंल का?"

"टंचाई तुमच्याकडंच जास्त आहे, तेव्हा मिळायला हवा."

"माझी सून, शिवकन्या, आठव्या महिन्यात हे. तिच्यानं आता डोक्यावर घागर घेऊन दीड कोस होत न्हाई. परवा वाटंतच बसली. मी खडीवर गेल्ते, घरी दुसरं कोनी न्हाई. जल्दी करा काहीतरी, मी हात जोडते."

मला खरंच वाईट वाटलं. माणूस आहे मी. म्हणून मी त्यांना नियम समजावून सांगितला. ठराव तुम्ही मांडा, सूचक तुम्ही. अनुमोदक मात्र दुसरा लागेल, आणि तुमच्या बारा घरांतला चालणार नाही, हितसंबंध येतो.

"कोन देईल मंग?"

"मोदकाशिवाय? कुणी नाही."

चांगुणाबाई म्हणाल्या, "आमी न्हाई देवाचा परसाद खात, म्हून त्या सभंच्या वाटंला कदी गेलो न्हाई. पर आमीच मोदक करून आनले तर?"

मी नियमावली वरपासून खालपर्यंत पाहिली. कुठंही मनाई नव्हती. "चालेल," मी म्हणालो. "मात्र धोरणात्मक बाब आहे. कळ्या एकवीस हव्यात."

आता मोदक करायचे तर पीठ मळायला पाणी पाहिजे. पाणी हवं तर हापसा पाहिजे. हापसा हवा तर ठराव, ठरावाला अनुमोदक आणि अनुमोदकाला मोदक. शासकीय कामात याला प्रक्रिया म्हणतात, आणि चांगुणाबाईंनी ती पूर्ण केली. बारा घरांतून एकेक पेला पाणी गोळा झालं. त्या दिवशी त्या बारा घरांत मोठी माणसं पाणी प्यायली नाहीत, लेकरांना तेवढं घोटभर दिलं. रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी, मिलो, दळली. खडीच्या कामावर वाटतात ती गोड सुकडी सारणाला घेतली. कुणाच्या तरी घरात करडीचं तेल तळाशी उरलं होतं, ते निघालं. शिवकन्येनं अवघडल्या अंगानं बसून एकवीस-एकवीस कळ्या पाडल्या. ते लाल मोदक, पाटीभर, मी डोळ्यांनी पाहिले. नियमाप्रमाणे कळ्या मोजल्याही.

सभा तुडुंब भरली. चांगुणाबाई ओट्याखाली उभ्या होत्या. त्यांनी पाटीवरचं फडकं काढलं आणि तळणीचा वास सुटला. दोनशे नाकं एकदम वर झाली. दोनशे हात मात्र खालीच राहिले.

माझ्या लक्षात आलं, अडचण काय आहे ती. ज्या बायांची घागर आपल्या डबक्याला लागलेली चालत नव्हती, त्यांच्या हातचा मोदक कसा खायचा? वास तर असा होता की पुंजारामांच्या हनुवटीवर लाळ आली. लोक एकमेकांकडं बघत होते, पाटीकडं बघत होते आणि पुन्हा एकमेकांकडं बघत होते. रामकिसननं तर डोळेच मिटून घेतले. दुष्काळात सव्वादोन वर्षं काढलेल्या माणसाचं असं धर्मसंकट मी देवाला दाखवायला घेऊन गेलो असतो.

अण्णासाहेब उठले. ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आले. पाटीतला एक मोदक उचलला आणि हात उंच करून म्हणाले, "मंडळी, हा देवाचा मोदक न्हाई आन कोन्या जातीचा बी न्हाई. हा कायद्याचा मोदक हे. कायद्याला विटाळ नसतो!"

आणि अख्खा मोदक तोंडात टाकला.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झाडावरची पाखरं उडाली. दोनशे माणसं पाटीवर तुटून पडली. पुंजारामांनी दोन्ही गाल भरले. त्या दिवशी धामणदरीत अस्पृश्यता निवारण झालं. ते सुमारे पाऊण तास टिकलं. मलाही चांगुणाबाईंनी स्वतः दोन मोदक आणून दिले. म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही लई मदत केली." पहिला मी लगेच खाल्ला. काय सांगू, उत्तम झाला होता.

"आता ठराव," मी म्हणालो. "सूचक चांगुणाबाई. सांगा, बाई."

"आमच्या वस्तीवर हापसा बसवावा," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मी सोता अनुमोदक!" अण्णासाहेब म्हणाले. "बिलकुल! वस्तीवरच बसला पायजेल. फकस्त भाऊसाहेब, तेवढा 'आमच्या' काढा. ठराव समद्या गावाचा हे. ठरावात आमचं-तुमचं आलं का गावात फूट पडती."

सभेनं माना डोलावल्या. कुणाला फूट पाडायची नव्हती. चांगुणाबाईही म्हणाल्या, "काढा की. समद्यांचंच हे."

आता इथं थोडा खुलासा करावा लागतो. आमच्या भागात गावाबाहेर स्वतःच्या शेतात घर आणि गोठा बांधला की त्याला वस्ती म्हणतात. चांगुणाबाईंची बारा घरं होती त्या जागेला सगळं गाव 'वाडा' म्हणे, आणि तो शब्द म्हणताना आवाज जरा खाली उतरे. तिथली पोरं शाळेत गेली, शिकली आणि त्यांनी ठरवलं, आपण वाडा नाही म्हणायचं, वस्ती म्हणायचं. म्हणून त्या बारा घरांत ते वस्ती म्हणत. बाकी धामणदरीत वस्ती या नावानं ओळखली जाणारी जागा एकच. तीन खोल्या, एक सालगडी आणि अकरा म्हशी. अण्णासाहेबांची.

मी वहीत 'आमच्या' हा शब्द खोडला. खाली उरलं, 'वस्तीवर हापसा बसवावा.' अण्णासाहेबांनी मला ते मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचायला तोंड उघडलं आणि मला सगळं लख्ख दिसलं. अगदी त्याच वेळी दुसरा मोदक मी नुकताच तोंडात टाकला होता. सुकडीचं सारण फार चिकट, टाळूलाच बसतं. मी "वफ्तीवर" असं काहीतरी म्हणालो. दोनशे तोंडांतून, तीही भरलेलीच, "मंजूल" असा घोष झाला. चांगुणाबाईंनी सूचक म्हणून अंगठा उमटवला. आनंदानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गाडी आठ दिवसांनी आली. ड्रायव्हरनं वेशीवर विचारलं, "वस्ती कुठं?" पुंजारामांनी पश्चिमेकडं बोट दाखवलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याला एकच वस्ती ठाऊक होती. अण्णासाहेबांच्या मळ्याला जाणारा रस्ता पक्का होताच, गाडी कुठं अडकली नाही. दीडशे फुटांवर पाणी लागलं, गोड आणि गार. म्हशी ते पोटभर प्यायल्या. सगळ्या जिल्ह्यात एवढ्या एकमतानं बसलेला दुसरा हापसा नाही, असा शेरा साहेबांनी मारला. पुढं अण्णासाहेबांनी मोठ्या मनानं ठराव आणला की, म्हशींचं आटोपल्यावर पाणी उरल्यास गावातल्या बायांनी खुशाल भरावं. नंदाबाई आणि बाकीच्या बाया भरू लागल्या. 'गावातल्या' या शब्दात पूर्वेकडची बारा घरं येतात का, असं मार्गदर्शन मी वरून मागवलं आहे. पत्राला तीन स्मरणपत्रंही पाठवली आहेत.

शिवकन्या नाल्यावरच जात राहिली. एका दुपारी ती झऱ्यापाशी पडली. सोबतच्या बायांनी तिला उचलून आणलं. ती वाचली. मूल वाचलं नाही.

चौथ्या दिवशी चांगुणाबाई कचेरीत आल्या. मी त्यांना बसा म्हणालो, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती वही दाखवा." वाचता येत नव्हतं त्यांना. मी ठरावाचं पान काढून दिलं. त्यांनी आधी स्वतःच्या अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवलं, मग मी खोडलेल्या शब्दावरून.

"भाऊसाहेब, हे तुम्हीच लिवलं ना?"

"हो."

"लिव्हताना तुमाला ठाऊक व्हतं, वस्ती म्हंजी कोंची?"

"वाचताना कळलं."

"मंग बोल्ले कामून न्हाई?"

सरकारी नोकरानं खोटं बोलू नये असा नियम आहे. मी खरं तेच सांगितलं. "बाई, तोंडात घास होता."

त्यांनी वही मिटून माझ्यासमोर ठेवली. मग सावकाश म्हणाल्या, "आमच्याच पान्यात मळला व्हता तो." आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

माझं तर झालं ते झालं. आपण मात्र इथपर्यंत बऱ्याच ठिकाणी मनमोकळं हसत आलात, हे मला दिसत होतं. हसता आलं, त्या अर्थी तोंड रिकामं असणार.

मग बोला की.